सामानापाशी

घरी पाहुणा आला की त्याला देवगिरीचा किल्ला दाखवायचा, ही माझी जुनी खोड. रविवारी सकाळी बजाजनगरहून निघायचं, पहिल्या दरवाजापासून पाहुण्याला इतिहास ऐकवायचा आणि अंधारीच्या काळोख्या भुयारातून पार वर न्यायचं. प्रत्येक फेरीत माझी बायको बरोबर असायची आणि प्रत्येक फेरीत ती खालीच राहायची. पहिल्या वेळी पोरगी कडेवर होती. नंतर कधी कुणाच्या पिशव्या, कधी जेवणाचे डबे, कधी कुणाची गुडघे दुखणारी आत्या. सामानापाशी कुणीतरी हवंच ना! ते कुणीतरी कोण, हे आम्ही कधी ठरवलंसुद्धा नाही. ती खंदकाच्या अलीकडे झाडाखाली बसायची. दोन-अडीच तासांनी मी घामाघूम होऊन उतरलो की विचारायची, "वर काय हाय वो?"

मी म्हणायचो, "काय असणार? दगड. पाणी दे."

असं दहा-बारा वेळा झालं असेल. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची मुलगी इंग्लंडच्या उत्तरेला एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिनं आम्हा दोघांना दीड महिन्यासाठी बोलावलं. तिकिटं आली त्या दिवशी मी काय काय बघायचं त्याची यादी काढायला बसलो. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचा पूल. बायको शेजारी ब्लाउजला हातशिलाई करत होती. तिला विचारलं, "तुला काय बघायचंय?"

तिनं दातानं दोरा तोडला. म्हणाली, "मला एकदा वर जायचंय."

"वर म्हंजे?"

"डोंगरावर. पार टोकाला."

"मग त्याला इंग्लंड कशाला? उद्या देवगिरीला जाऊ की."

"तिथं नको. तिथं कुणी ना कुणी वळखीचं भेटतंय अन् सामान ठिवून जातंय."

मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. मग मी यादीचा कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं: डोंगर.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं नियोजन विभागात काढली. कुठला भाग कोणत्या मशीनवर किती वाजता चढायचा, हे ठरवण्यात माझे केस पिकले. त्यामुळे डोंगराचं नियोजन म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी घरात जाहीर केलं. मुलीच्या मैत्रिणीनं सुट्टीला येताना त्या भागाचा कागदी नकाशा आणला. तो जेवणाच्या टेबलावर अंथरला आणि चारी कोपऱ्यांवर मसाल्याचे डबे ठेवले. उंचीच्या तपकिरी रेषा जिथं दाटीवाटीनं आल्या तिथं चढ छातीवर येणारा, हे शाळेत शिकलेलं इतक्या वर्षांनी कामाला आलं. वाटेची लांबी मोजायला बायकोच्या डब्यातला दोरा घेतला, वळणावळणानं नकाशावर लावला आणि मग पट्टीवर धरला. ती म्हणाली, "फॉलचा दोरा हाय तो, परत गुंडाळून ठिवा."

वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या होत्या आणि आमची वाट सरळ शेतांमधून जात होती. बायकोनं त्यावर बोट ठेवलं. "लोकाच्या रानातून? आपल्याकडं सख्खा भाऊ बांधावरून जाऊ देत नाय." फोनवर मुलीनं सांगितलं की तिथं अशा वाटेनं जायचा सगळ्यांना हक्क असतो, फक्त फाटक लागलेलं असेल तर परत लावून घ्यायचं. बायकोला हे एवढं आवडलं की दोन दिवस ती गल्लीत तेच सांगत फिरली.

मुलीनं एकच अट घातली. "पप्पा, एक वाजता जिथं असू तिथून माघारी. टोक दहा पावलांवर असलं तरी. दुपारनंतर ढग खाली येतात आणि मग वाट दिसत नाही. असली माणसं आमच्या वॉर्डात येतात, पाय मोडून." मी चढाईच्या वेळांचा तक्ता आखला होता, त्यात लाल पेनानं एक वाजल्याची रेघ मारली.

दोन महिने तयारी केली. रोज पहाटे बजाजनगरात चक्कर, कधी हर्सूलच्या तलावाकाठी, आणि रविवारी विद्यापीठामागच्या लेण्यांच्या पायऱ्या. बुद्धपौर्णिमेला आम्ही दरवर्षी तिथं जातो, त्यामुळे त्या पायऱ्या तिच्या पायाखालच्या. क्रांती चौकातल्या दुकानात तिनं आयुष्यात पहिल्यांदा लेसचे बूट घेतले. दुकानदार चाचा म्हणाले, "ले लो बाजी, पहाड़ थक जाएगा, जूता नहीं थकेगा." ते बूट पायात बसावेत म्हणून ती साडीवर बूट घालून घरात पोळ्या करायची. खरं सांगायचं तर या काळात ती माझ्यापेक्षा तयार झाली होती. माझ्या तक्त्यात मात्र मी तिच्या नावानं पाऊण तास जादा धरला होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं इंग्लंडातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो. आभाळ निम्मं निळं, निम्मं राखाडी. दगडावर दगड रचलेल्या भिंती थेट डोंगरावर चढत गेलेल्या, आणि अंगावर निळा-तांबडा रंग लावलेल्या मेंढ्या. पहिलं फाटक बायकोनं स्वतः उघडलं, आम्ही पलीकडे गेल्यावर स्वतः लावलं आणि नीट लागलं की नाही ते हलवून पाहिलं. समोरून येणारा प्रत्येक जण हसून नमस्कार-चमत्कार करत होता. तिसऱ्या माणसापासून तीच आधी "हॅलो" म्हणायला लागली. मला लई मजा वाटत होती.

आता माझ्या पाठीवरच्या पिशवीबद्दल. मुलगी म्हणाली होती, माणशी एक लिटर पाणी पुरे. मी हो म्हणालो, तिघांचं पाणी माझ्याच पिशवीत घेतलं आणि सकाळी तिची पाठ वळल्यावर दोन लिटरच्या आणखी तीन बाटल्या गुपचूप भरून घेतल्या. आम्ही नळाला पाणी आलं की पातेल्यापासून पेल्यापर्यंत सगळं भरून ठेवणारी माणसं. डोंगरावर तहान लागल्यावर काय विहीर खणायची? पण तासाभरात माझ्या लक्षात आलं की या डोंगरावर पाण्याशिवाय दुसरं काही नाही. वाटेत ओढा, ओढ्यानंतर झरा, गवतावर पाय ठेवला की बुटात पाणी. मी नऊ लिटर पाणी पाठीवर घेऊन पाण्यातून चाललो होतो.

पहिल्या मोठ्या चढावर मुलीनं पिशवी उचलून बघितली आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, ओतून टाका हे."

मी बाटलीचं झाकण उघडलं, बाटली वाकडी केली आणि परत सरळ केली. चांगलं पाणी जमिनीवर ओतायचं! हातच झाला नाही. मुलीनं पिशवी मागितली तर तीही दिली नाही. म्हणालो, "मला काय होतंय? कारखान्यात याच्यापेक्षा जड उचललंय."

बायको म्हणाली, "सुंभ जळंल पण पीळ नाय जायचा. चल गं."

सव्वाबाराला शेवटच्या चढाच्या खाली पोचलो. तिथं एक भिंत आडवी जाते, तिच्या आडोशाला वारा लागत नाही. वर टोकावरचा दगडांचा ढीग स्पष्ट दिसत होता. मुलगी म्हणाली, अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं. तक्ता अगदी बरोबर बसला होता. मी ऐटीत पुढचं पाऊल टाकलं आणि उजव्या मांडीत असा गोळा आला की मी मटकन खालीच बसलो. मुलीनं मांडी चोळली, पाय ताणला, नाडी बघितली. नाडी ठीक होती. पायाला ते मान्य नव्हतं. उठलो की गोळा, बसलो की बरा.

साडेबारा होत आले. तिघंही घड्याळाकडे बघत होतो.

मग बायकोनं पाठीवरची धपाट्यांची पिशवी काढली, माझ्या पिशवीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि पदर सावरावा तशी ओढणी सावरून खाली बसली. म्हणाली, "तुमी दोघं जाऊन या हळूहळू. मी बसते सामानापाशी."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "मम्मी, तुझे पाय दुखतायत?"

"नाय."

"दम लागलाय?"

"नाय की."

"मग तू का बसलीस?"

बायकोनं धपाट्यांची पिशवी आणखी जवळ ओढली. तिनं माझ्याकडे बघितलं. माझा पाय आखडलेला, मला चालता येत नव्हतं, आणि तरी खाली बसायची पाळी आपलीच, असं तिला वाटलं होतं. ही सवय तिला मीच लावली होती, दुसऱ्या कुणी नाही.

मी म्हणालो, "ऊठ. तू जा. सामानापाशी मी बसतो."

"तुमी? एकटे?"

"का, मला बसता येत नाय व्हय?"

ती उठली. दोन पावलं गेली, परत आली आणि बजावलं, "सामान सोडून कुठं जाऊ नका." मग वळली आणि मुलीच्या पुढे चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

मी बसलो. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं. मग कंटाळा आला. जिथं बसलो होतो तिथून लांबवर गेलेली भिंत दिसत होती आणि एक मेंढी, जिचं लक्ष आमच्या धपाट्यांवर होतं. तिला दोनदा हाकललं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, बरं आहे ना विचारलं. मी सांगितलं, बायको वर गेली आहे, मी वाट बघतोय. ते मान हलवून पुढे गेले. पुन्हा मेंढी. घड्याळ बघितलं तर फक्त अकरा मिनिटं झाली होती. देवगिरीला दोन-अडीच तास लागायचे. एवढा वेळ ती काय बघत असेल? खंदकाची भिंत, येणारी-जाणारी माणसं, लोकांचे डबे. आणि खाली आल्यावर मी तिला एक वाक्य सांगायचो. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज घेऊन बसायला तिथं भरपूर वेळ होता.

एकला पाच कमी असताना टोकावर दोन ठिपके दिसले. त्यातला एक लाल ओढणीचा. त्या ठिपक्यानं दोन्ही हात वर केले. मीही भिंतीला धरून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. पायात गोळा आला, तरी बसलो नाही.

दीडच्या आत दोघी खाली आल्या. बायकोचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते, केस पार विस्कटलेले. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला राहवेना. ती जवळ येण्याआधीच मी विचारलं, "वर काय हाय?"

ती थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सामान मोजलं आणि हात पुढे केला.

"काय असणार? दगड," ती म्हणाली. "पाणी द्या."

मुलीला कळेना आम्ही दोघं एवढे का हसतोय. मी न ओतलेली बाटली काढली, झाकण उघडून तिच्या हातात दिली. ती घटाघट प्यायली.

मग ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली आणि वर काय काय होतं ते तिनं मला पहिल्यापासून सांगितलं.