तिजोरीखालची जागा

रामहरी मोटार सर्व्हिसच्या अड्ड्यात एका खुंटीवर जाड दोराचं वेटोळं टांगलेलं असे. नवं गिऱ्हाईक आलं की मालक रामहरी त्यावर हात फिरवून म्हणायचा, "या दोरानं हत्ती ओढावा. माल बिनघोर द्या."

मुकादम गुरप्पा त्या वेळी जवळच कुठंतरी बैलांना पाणी दाखवत असायचा. मान वर करायचा नाही. लोक त्याला थंड रक्ताचा समजत. ज्या दोरानं थोरल्या भावाचा जीव घेतला तो रोज डोळ्यांसमोर असून हा माणूस तिथंच राबतो, याचं त्यांना नवल वाटे.

सर्व्हिस तशी लहान होती. एक जुनी लॉरी, दोन बैलगाड्या आणि सात-आठ हमाल. सोलापुरातल्या पेठांत माडीवरची कपाटं, तिजोऱ्या उतरवायच्या आणि दुसरीकडे चढवायच्या, हे काम. हमालांचा एक रिवाज होता. जड वस्तू कप्पीवरून खाली सोडण्याआधी ती जरा वेळ टांगती ठेवायची, आणि दोर ज्यानं पसंत केला त्यानं तिच्याखाली जाऊन उभं राहायचं. तो उभा राहिला, की बाकीचे न भिता कामाला लागत.

सन १९३२ च्या उन्हाळ्यात एका वकिलाचं बिऱ्हाड हलवायचं होतं. मुकादम तेव्हा धुळाप्पा, गुरप्पाचा भाऊ. लोखंडी कपाट माडीच्या खिडकीशी आणलं आणि धुळाप्पानं दोर हातात घेतला.

"मालक, दोर कुजलाय. बोटानं काथ्या निघतोय बगा."

"भ्यालास व्हय रे? बांगड्या भर आणि घरी बस! दोर मी आणलाय. चांगला आहे म्हणून मी सांगतोय."

"मग खाली तुमी उबं ऱ्हावा की."

रामहरी हसला आणि वकिलाशी बोलत ओसरीवर जाऊन बसला. आता कुणालातरी उभं राहणं भाग होतं. धुळाप्पानं आपल्या माणसांकडे एकवार पाहिलं आणि स्वतःच कपाटाखाली गेला.

दोर तुटला.

मेलेला माणूस घरी पोचायच्या आत रामहरीनं दोराची तुटलेली टोकं कापून टाकली आणि उरलेला दोर खुंटीला टांगला. दोर कुजका होता हे बाहेर कळलं असतं, तर पेठेतला एकही व्यापारी त्याच्याकडे माल देता ना. म्हणून त्यानं सगळीकडे सांगितलं, "दोर साबूत आहे, बघा की येऊन. मुकादम दारू पिऊन आला होता. गाठच नीट मारली नाही."

धुळाप्पा लिंगायत, गळ्यात लिंग बांधलेला. जन्मात त्यानं दारूला शिवलं नव्हतं. पण बोलणारा मालक होता आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो मेलेला होता. दुधनीच्या पाहुण्यांनी धुळाप्पाच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. "दारुड्याच्या घरची लेक नको," एवढाच निरोप आला. त्या दिवशी धुळाप्पाची बायको चंद्रव्वा दिराला म्हणाली, "भावजी, त्या मेल्याच्या दारात अजून जाता? लाज न्हाय वाटत?"

"काम सोडलं तर तो सुटंल, वैनी."

"आणि जाऊन काय करताय?"

"दोराकडं बगतोय."

दीड वर्ष तो बघत राहिला. मुकादमी त्याच्याकडे आली. प्रत्येक कामाला तो स्वतः दोर ओढून पाही, चाकांना धोंडे लावी, आणि खाली स्वतः उभा राही. त्याच्या हाताखाली कुणाच्या बोटालाही खरचटलं नाही. हमाल त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. मनात मात्र तो रोज रामहरीला एका लोखंडी वस्तूखाली उभा करी आणि रोज हातातला दोर सोडून देई.

मग नवी पेठेतल्या एका सराफाची तिजोरी माडीवरून खाली आणायचं काम आलं. काम मोठं, म्हणून मालक कोट घालून हजर. बाजाराचा दिवस होता. समोरचे कापडवाले दुकानं सोडून बघायला उभे राहिले. गुरप्पा सकाळपासून दोन माणसांना घेऊन माडीवर होता. तिजोरी बांधून, खिडकीबाहेर टांगून तो खाली आला आणि बाजूला उभा राहिला.

"चल की," रामहरी म्हणाला. "उभा राहा खाली."

"मी न्हाय, मालक. आज दोर तुमच्या पसंतीचा हाय."

रामहरीनं वर पाहिलं. कप्पीवरून खुंटीवरचा दोर खाली आला होता.

"हा कुणी आणला?"

"मीच. ह्यानं हत्ती ओढावा म्हणता की."

सराफ हसला. "मला पण तेच सांगितलं यांनी. व्हा उभे, शेठ. तुमचाच दोर."

"माझं ते काम नव्हे. ए कोंडीबा, तू जा रे."

कोंडीबानं गुरप्पाकडे पाहिलं आणि हात बांधले. बाकीचेही हलले नाहीत. कापडवाल्यांत कुणीतरी म्हणालं, "अहो, उभं राहायला काय झालं?"

रामहरी गेला. दोन पावलं तिजोरीखाली टाकली. वर कप्पी करकरली आणि त्याच्या टोपीवर काथ्याचा भुगा पडला.

"गुरप्पा, बास झालं."

"का? दोर साबूत हाय न्हवं?"

"अरे, मस्करी नको."

"गाठ मी मारलीया. दारू पिऊन न्हाय आलो. मग भ्या कशाचं?"

कप्पी पुन्हा करकरली. रामहरी एकदम बाहेर उडाला तो सराफाच्या अंगावरच आदळला, आणि ओरडला, "कुजलाय तो! माहीत आहे तुला! माणूस मेलाय त्याच्यानं!"

कापडवाले पुढं सरकले.

"कंचा माणूस, मालक?" गुरप्पानं शांतपणे विचारलं. "नाव सांगा की."

"...धुळाप्पा."

"प्यायला व्हता?"

रामहरीनं मान खाली घातली आणि हलवली. नाही.

गुरप्पानं वर हात केला. माडीवरच्या दोघांनी खिडकीआड खांबाला वेढा देऊन धरलेला नवा दोर सैल सोडला आणि तिजोरी अलगद खाली उतरली. सगळा भार त्या दुसऱ्याच दोरावर होता. तिजोरीच्या आड तो रामहरीला खालून दिसला नव्हता. कुजका दोर नुसता शेजारी बांधलेला होता.

हे पाहून सराफ म्हणाला, "सोडलाच असतास तर?"

"लई वाटलं सोडावं," गुरप्पा म्हणाला. "पण मग तो बोलला नसता."

दुसऱ्या महिन्यापासून पेठेतला माल रामहरीकडे जायचा थांबला. लॉरी विकली गेली. गुरप्पाला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटल्याचं त्यानं दाखवलंही नाही.

तिजोरी उतरवली त्याच दिवशी गुरप्पा खांद्यावर तो कुजका दोर टाकून चंद्रव्वाच्या दारात गेला.

"बोलला, वैनी. सगळ्या पेठंसमोर. अण्णा प्यायला नव्हता म्हणून कबूल झाला."

चंद्रव्वा पीठ मळत होती. हात तसेच ठेवून ती म्हणाली, "हळू का सांगता? मोठ्यानं सांगा. शेजारी ऐकू दे."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग तिनं त्या दोरानं दारातली म्हैस बांधली. म्हशीनं एका हिसक्यात तो तोडला. चंद्रव्वानं ते दोन तुकडे उचलले आणि गल्लीत दारोदार दाखवत फिरली. शेवटी ते गुरप्पाच्या हातात देऊन म्हणाली, "आता दुधनीला जावा. त्यास्नी पण दाखवा."