वाकड्या मानेचा माणूस

ताई मातीची माणसं हलवायची. हेच तिचं काम. टेबलावर बोटभर उंचीची माणसं मांडायची, एकाचा हात केसभर उचलायचा, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा, की पुन्हा केसभर. दिवसभर राबलं की पडद्यावर एखादा मातीचा माणूस जेमतेम शिंकायचा!

काळे पडदे लावलेल्या त्या खोलीत ऊनसुद्धा विचारून आत यायचं. हाताच्या उबेने माती मऊ झाली की आपण जागे आहोत की झोपेत, याचा ताईला पत्ता लागत नसे.

सध्याचा चित्रपट दहा मिनिटांचा होता आणि त्यात माणसाचा अख्खा इतिहास होता. म्हणजे मारामारीच. आधी दगड, मग भाले, तलवारी, तोफा, बंदुका. एक काळ संपला की पडलेली माणसं ताई एकत्र मळायची आणि त्याच मातीतून पुढच्या काळाचं सैन्य घडवायची. ही कल्पना दिग्दर्शकाची. तो ताईच्या भाच्याच्या वयाचा, पण बोलायला लागला की हजार वर्षांच्या खाली उतरायचा नाही.

एकच माणूस कधी मळला गेला नव्हता. त्याची मान डावीकडे किंचित कललेली. गुहेतल्या भांडणात तो मागच्या रांगेत होता, किल्ल्याच्या लढाईत झाडाआड, तोफांच्या धुरात घोड्याच्या पोटाखाली. ताई दर वेळी त्याचे कपडे बदलायची आणि त्याला हळूच आडोशाला सरकवायची. चेहरा तिच्या धाकट्या भावाचा होता. तो सैन्यात गेला आणि एका लढाईनंतर सापडलाच नाही. ना प्रेत, ना निरोप. तेव्हापासून आई घराच्या दाराला कडी लावू देत नसे. "नुसतं लोटून ठेव," म्हणायची. ताईही मुकाट्याने लोटून ठेवायची.

शेवटच्या प्रसंगाआधी दिग्दर्शकाने झालेला सगळा चित्रपट सलग पाहिला आणि ताडकन उठला.

"ताई, हा कोण? हा दगडाच्या काळापासून जिवंत आहे!"

"असेल एखादा चिवट," ताई दुसरीकडे बघत म्हणाली.

आता हा आकाशपाताळ एक करणार, असं तिला वाटलं. पण तो हरखलाच. "अहो, सोनं आहे हे! शेवटी दोघंच उरतात ना? त्यातला एक हाच. इतकी युगं जो वाचला, त्याने कुणाला तरी मारलंच असणार. शेवटचा वार हाच करेल."

ताई पटकन म्हणाली, "तो नाही मारणार."

"मग तो मरेल. दोघांपैकी एक. तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या हातात बंदूक दिली आणि हात केसभर उचलला. पुन्हा केसभर. मग थांबली. घरात सापळ्यात अडकलेला उंदीरसुद्धा धाकटा गल्लीच्या टोकाला नेऊन सोडायचा, आणि उंदीर त्याच्याआधी घरी पोचायचा. आई दोघांनाही शिव्या घालायची. आणि या हाताने गोळी झाडायची? ताईने बंदूक काढून घेतली.

बाकीची माणसं धपकन पडली होती. याला पडायला संध्याकाळ झाली. आधी गुडघे, मग तळवा, मग खांदा. मान टेकवताना ताईने खाली आपलं बोट धरलं आणि ते काढायला विसरली. फोटोत बोट आलं. नवशिक्यासुद्धा करत नाहीत अशी चूक! दिग्दर्शकाने फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं, आणि 'हा काढून टाका' असं म्हणाला नाही.

मग तिने त्याला उचललं आणि मळलं. सगळ्यात शेवटी मान. "गेला," ती मोठ्याने म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

घरी आई अंथरुणावर बसली होती. ताईने दार लोटलं, थोडी घुटमळली आणि कडी लावली.

कडीचा आवाज आईने ऐकला.

"लावलीस?"

"लावली गं आई. तो आता नाही यायचा."

आईने तिचा मातीचा हात ओढून मांडीवर घेतला. "मला कधीचंच कळलंय बाळा," ती म्हणाली. "तुझ्याचसाठी उघडं ठेवायचे मी."