बरडावरची बोंडं

लग्न होऊन मी धुळ्याकडच्या गावात आले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझं माहेर जळगावचं, शहरातलं. सासरी सगळे अहिराणी बोलत आणि मी पुस्तकातल्यासारखी मराठी, त्यामुळे पहिले काही महिने मी बहुतेक गप्पच असायची. सासूबाईंना घरातले सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

अक्का अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून जरा तिरक्या होऊन आत येत. खाण्याची त्यांना मनापासून आवड. बट्टी चुरून तिच्यावर तूप असं ओतत की ताटात तळं व्हायचं. पण त्या हिवाळ्यात गुडघे इतके दुखू लागले की पाटावरून उठताना भिंत धरावी लागे. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "वजन उतरवा. नाहीतर हे गुडघे तुम्हाला बाहेर पडू देणार नाहीत."

त्याच आठवड्यात बांगड्या भरायला कासारीण आली. अक्कांच्या हातावर बांगडी चढेना, तेव्हा ती म्हणाली की तिची बहीणही अशीच होती, पण फड्या निवडुंगाची लाल बोंडं खाऊन पार वाळली. अक्कांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कासारीण गेल्यावर मात्र मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "सकाळले उठशी का? बरडवर जाऊत. तुना सासराले सांगू नको बरं."

गावाबाहेर, शेतं संपल्यावर, दगडगोट्यांचा बरड होता. तिथे निवडुंगाचे फडेच्या फडे माजले होते आणि माघ-फाल्गुनात त्यांच्या कडांवर जांभळी-लाल बोंडं लगडत. आम्ही उजाडता उजाडता निघालो. अक्का पदराखाली चुलीपुढचा चिमटा लपवून. पाव वाटेवर त्या एका बांधावर बसल्या, मग पुन्हा एका दगडावर. पोचलो तेव्हा ऊन आलं होतं.

मोठे काटे दिसतात, ते आम्ही टाळले. बोंडावरची बारीक कुसळं मात्र दिसतच नाहीत. अक्कांनी एक बोंड पदरानं पुसलं, मधोमध फोडलं आणि तोंडाला लावलं. "गोड शे व!" म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. ओठात, जिभेवर, बोटांत, सगळीकडे कुसळं. मी त्यांचा चेहरा उन्हाकडे करून नखांनी एकेक कुसळ काढत होते. नव्या सुनेनं सासूच्या जिभेला हात लावायचा, म्हणजे काय प्रसंग! आधी त्यांना हसू फुटलं, मग मला, आणि मग कुसळं काढणं अशक्य झालं.

घरी आलो तेव्हा त्यांचा खालचा ओठ चांगलाच सुजला होता. सासरे, म्हणजे आबा, ओट्यावर चहा पीत होते.

"तोंडले काय व्हयनं?"

"मुंगी चावनी," अक्का म्हणाल्या आणि ताठ मानेनं आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काडेपेटी नेऊ लागलो. वाळलं गवत पेटवायचं, चिमट्यानं बोंडं त्यावर फिरवायची, कुसळं चरचर जळून जात. मग चाकूनं साल काढायची. आत गर्द गुलाबी गर, साखरेच्या पाण्यासारखा गोड, आणि खच्चून भरलेल्या टणक बिया. धुराचा तो वास आणि बोटांना चढलेला रंग मला अजून आठवतो. घरी परतेपर्यंत अक्कांचं पोट भरलेलं असे. सकाळची तूप-बट्टी आपोआप सुटली.

मग एक दिवस त्या मोरीतून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आल्या. "माय वं, रगत पडी ऱ्हायनं." आता लपवणं शक्य नव्हतं. आबांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" अक्का माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी मीच सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि हसत म्हणाले, "रक्त नाही बाई, बोंडांचा रंग आहे." येताना आबा गाडी हाकत होते, आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलताना आम्हाला मागून दिसत होते.

दवाखान्यात वजनही झालं होतं. अक्का बऱ्याच उतरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "फळ चांगलं आहे, पोट भरतं. पण नुसती बोंडं खाऊन घरी बसला असता तर काही झालं नसतं. हे रोजचं चालणं आहे, आणि सुटलेलं तूप." अक्का बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टरले काय समजस?" वैशाखात बोंडं संपली. मला वाटलं, आता सकाळची झोप मिळणार. तर उजाडायच्या आत अक्का चपला घालून दारात उभ्या. म्हणाल्या, "पायले सवय व्हई गई."

त्या रिकाम्या चालण्यातच आम्ही खऱ्या अर्थानं बोलू लागलो. त्या सांगत, माहेरी बहिणी पुष्कळ, ताट वाढायची वेळ यायची तेव्हा धाकटीच्या, म्हणजे त्यांच्या, वाट्याला टोपल्यातला भाकरीचा तुकडा उरायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा पोटभर तूप खाल्लं, ते हात थांबलेच नाहीत. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू एवढी गप का ऱ्हास?" मी सांगितलं, बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं. लग्न ठरलं आणि परीक्षा राहूनच गेली. त्या चालता चालता थांबल्या. "इतलं शिकनी, आनि एक परीक्षासाठे सोडी दिन्हं?"

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. आबा म्हणाले, "घरनं काम कोन करी?" अक्का म्हणाल्या, "मी. आते माले उठता येस." आणि भिंत न धरता पाटावरून उठून दाखवलं. माझे यजमान खाली मान घालून हसले.

पुढच्या वर्षी परीक्षेला अक्का माझ्याबरोबर जळगावला आल्या. माझ्या माहेरी राहिल्या. माझ्या आईला आधी संकोच वाटला, विहिणीचा पाहुणचार कसा करायचा म्हणून. मग दोघी मिळून वांगी भाजू लागल्या. पहिल्या पेपरला वडिलांनी रिक्षा बोलावली. अक्कांनी ती परत पाठवली. आम्ही दोघी चालतच कॉलेजला गेलो. मी वाटेत उत्तरं घोकत होते आणि त्या दुकानांच्या पाट्या बघत माझ्या पुढे चालत होत्या. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी माझ्या पदराला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाल्या, "जाय. मी आठेच शे."

पेपर संपवून बाहेर आले तेव्हा त्या लिंबाच्या सावलीत, दुसऱ्या मुलींच्या आयांमध्ये बसल्या होत्या. हातवारे करून, निवडुंगाची बोंडं कशी भाजायची ते त्यांना समजावत होत्या.