मामांची टाळ्यांची रेकॉर्ड

आराम करण्यासाठी आमच्या मामांइतके कष्ट घेणारा माणूस सबंध देवगड तालुक्यात झाला नसेल. बोटीवर साहेबलोकांची ताटं-पेले सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. साठ सालाच्या सुमारास ते कायमचे मिठबावला परतले, ते एक पत्र्याची ट्रंक, बॅटरीवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर आणि मोठ्या तबकड्यांचा गठ्ठा घेऊन. "आता मी नुसतो बसतलंय," असं त्यांनी मामीला जाहीर केलं आणि त्या दिवसापासून घरात कुणालाही बसायला मिळालं नाही. माझी त्याच गावच्या शाळेत नेमणूक झाली होती आणि मी मामांकडे राहत होतो, त्यामुळे हा आराम मी अंगमेहनतीसकट अनुभवलेला आहे. उन्हं कलली की ओटी झाडायची, आरामखुर्ची भिंतीपासून नेमकी त्यांच्या मनासारखी सरकवायची, गायीची धार आधीच काढून घ्यायची म्हणजे ती मधेच हंबरत नाही. कोंबड्यांना तर दिवस मावळायच्या आधीच डालून टाकत. त्या बिचाऱ्या रोज चक्रावून जात. मग मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत पाय पसरत आणि तबकडीवर सुई ठेवत.

त्या गाण्याला जॅझ म्हणतात, हे मला मामांमुळे कळलं. गावाने मात्र त्याला 'बोटीवरचं गाणं' असं नाव देऊन विषय संपवला होता. मामांना त्यातही भरल्या मैफलीत, लोकांसमोर गायलेलीच गाणी लागत. स्टुडिओत दार लावून गायलेलं गाणं त्यांना मुळीच चालत नसे. "माणसां नसलेली रेकॉर्ड माका नको. रिकाम्या देवळात कोण भजन करता काय?" असं त्यांचं म्हणणं. गाण्याइतकंच त्यांचं लक्ष त्या न दिसणाऱ्या माणसांकडे असे. कोण कधी हसतो, पेला कुठे वाजतो, सगळं पाठ. एका तबकडीत एक गृहस्थ गाणं रंगात आलं की खोकतो. मामा आधीच मान हलवायचे आणि तो खोकला की हळहळायचे, "इतके मोठे लोक, पण ह्येका कोणी अडुळशाचो काढो दिऊक नाय." रेकॉर्डमधले लोक टाळ्या वाजवू लागले की ओटीवर असेल त्याने टाळ्या वाजवायच्या, असा नियम होता. एकदा सोसायटीच्या थकबाकीची नोटीस घेऊन आलेल्या शिपायालाही त्या वाजवाव्या लागल्या. गाणं चालू असताना नोटीस देणं त्याला जमलं नाही आणि टाळ्या वाजवून झाल्यावर ती देणं त्याला प्रशस्त वाटेना. चहा पिऊन तो तसाच गेला.

गावात वीज नव्हती. सगळा कारभार सेलवर, आणि सेल जामसंड्याहून आणावे लागत. ते उतरले की मामा उन्हात वाळत घालत, मामीच्या आमसुलांच्या शेजारी. "आमसुलां सुकली तरी उपेगी पडतत," एवढंच मामी म्हणायची. सेल थकले की तबकडी मंदावे आणि गाणाऱ्या बाईचा आवाज खाली खाली जात अखेर एखाद्या भजनीबुवासारखा होई. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून काळजीने विचारत, "बाईचो घसो बसलो काय ओ?" मामा तितक्याच गांभीर्याने उत्तर देत, "थकली ती. उद्या बरी होतली."

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगतो. मामीचं माहेर वालावलचं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गळ्याची गावभर ख्याती होती. मामा बोटीवर असताना नात्यातल्या एका हळदीत गाता गाता ती शब्द विसरली, आणि वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामी तेव्हापासून गायलीच नाही. जात्यावर नाही, देवापुढे नाही. मामा रजेवर आले ते मुक्या झालेल्या घरात. त्यांनी समजूत घातली, रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग कुठल्याशा बंदरात त्यांना एक तबकडी मिळाली. तिच्यात गाणारी बाई मधेच शब्द विसरते, क्षणभर हसते आणि तोंडाला येतील ती अक्षरं जुळवत तशीच पुढे गात सुटते. आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. ही तबकडी रोज लागायची, आणि तेव्हा रेकॉर्ड प्लेअरचं तोंड स्वयंपाकघराकडे असायचं. "हय बाई शब्द इसारली. आता बघ, थांबता काय?" हे मामा मला उद्देशून, पण आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. आतून विळीच्या आवाजाबरोबर उत्तर येई, "तिचा बरा आसा. तिचे लोक टाळये वाजवतत." त्यावर मामा सुई उचलून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावत. मला त्यांची कीव येई आणि थोडा रागही येई. मामी गाणार नाही, हे न कळण्याइतके ते खुळे नव्हते.

एका श्रावणात ऊन पडेना, सेल वाळेनात. ती तबकडी अर्ध्यावर आली, बाईंचा बुवा झाला आणि मग बुवांचाही आवाज बंद पडला. मी उठणार तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. आत मामी नारळ खवत होती, आणि थांबलेलं गाणं तिच्या तोंडून पुढे चाललं होतं. शब्द नव्हतेच, त्या परक्या बाईची ती वेडीवाकडी अक्षरं वालावलच्या चालीत मिसळून ती आपल्याशीच गात होती. आपण गातोय हे तिला कळलेलं नसावं. मामांनी टाळी वाजवली नाही. ते हललेसुद्धा नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही त्यांना हात उचलवत नव्हता. नारळ संपला तशी आतून हाक आली, "बंद कित्याक केल्यात?"

"सेल गेले," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जामसंड्याला जायला निघालो, तर मामांनी अडवलं. "नको आणू. त्या बाईचा खूप ऐकलंय. आता घरचा ऐकूक दी." मामीला कुणी काही बोललं नाही. ती आधी कामाच्या नादात, मग दिवा लावताना, मग उघडपणे गायला लागली. अडली की हसायची आणि सुचेल ते घालून पुढे जायची. मामा खुर्चीत पडून ऐकत, आणि खरा आराम म्हणतात तो मी त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा पाहिला. तो त्यांना जेमतेम दोन पावसाळे लाभला. ते गेल्यावर घर पुन्हा मुकं होणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. मामी अजून रोज संध्याकाळी गाते. फक्त पूर्वी ती आत बसून गायची, आता बाहेर ओटीवर येऊन गाते.