चंदगडच्या डोंगरातला शाकारलेला साकव

बेळगावच्या सुमनवहिनी, गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कठडा सोडू नका. इचलकरंजीचे दत्तूभाऊ, खोकला हटला का? अडुळशाचा काढा कडू लागतो म्हणून टाकून दिला असणार, मला खात्री आहे. कोडोलीच्या गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं, तेव्हा गुरुजी, हे बेतानं वाचा, पळून जात नाही. आणि नंदाताई, सूनबाईंचे दिवस भरत आले ना? तिला धावपळ करू देऊ नका. आम्ही दोघं बरे आहोत. आमच्या हाजराबेगमची साखर वरखाली होते, पण जीभ पहिल्यासारखीच चालते, म्हणजे तब्येत ठीक आहे.

नंदाताईंनी विचारलं होतं, मे महिन्यात जायला गर्दी नसलेली जागा सांगा. मला एकच जागा आठवते. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला आम्ही दोघं तिथं गेलो होतो. हाजराचं माहेर ते. चंदगडच्या पलीकडं डोंगरात वाडी आहे, आणि वाडीच्या तोंडाशी ओढ्यावर लाकडी साकव आहे. साकव तुम्ही बघितले असतील, दोन ओंडके टाकले की झाला साकव. हा तसा नाही. याला खांब आहेत, आढं आहे, दोन्ही अंगांना बसायला फळ्या आहेत आणि वर घरासारखं गवताचं छप्पर. सगळं लाकूड खुंट्यांनी जोडलेलं, खिळा नाही. त्या भागात पाऊस असा पडतो की दोन-दोन महिने अंगणात बसता येत नाही. मग भेटायचं कुठं, तर साकवात.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. वाडीतल्या प्रत्येक घराचा एक खण. ज्याचा खण त्यानं पावसाच्या आधी शाकारायचा, म्हणजे जुनं गवत काढून नवं घालायचं, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी. एखादं घर एक वर्ष आलं नाही तर शेजारी सांभाळून घेतात. दुसऱ्या वर्षीही आलं नाही तर खण दुसऱ्या घराला जातो. नवी नवरी वाडीत येते ती आधी सासरच्या खणात टेकते. माणूस वाडीतून शेवटचं जातं तेव्हा खांदेकरी त्याच्याच खणात थांबतात. त्यामुळं खण गेला की वाडीतून नाव गेलं.

हाजराला भाऊ नाही. सासूबाई आधीच गेल्या होत्या, पुढं सासरेही गेले. घराला कुलूप लागलं. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी खण शाकारला. दुसऱ्या वर्षी वाडीतला मारुती बायकोच्या औषधासाठी कोल्हापूरला आमच्या घरी आला, तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "अक्का, औंदा कुणी आलं न्हाय तर खण जाणार बग. बाळाण्णानं निरोप दिलाय." हाजरानं पुढची भाकरी वाढली आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, जाऊया की. त्यात काय.

माझा धंदा पत्र्याचा. ट्रंका, बादल्या, धान्याच्या कोठ्या करायच्या. शाळा चौथीपर्यंत, पण पत्रा बघितला की त्याचं काय होईल हे डोळ्यांपुढं येतं. मी विचार केला, दरवर्षी गवत काय म्हणून घालायचं? खणावर चांगला जस्ताचा पत्रा टाकू. मापं मारुतीकडून अंदाजानं घेतली, पत्रे कापले, कडा दुमडल्या, गोणपाटात बांधले. हाजरा बघत होती. "त्यांना चालंल काय?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, न चालायला काय झालं, गळणार नाही, कुजणार नाही.

आता रस्त्याचं सांगतो. कोल्हापूरहून कागल, निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज, आणि तिथून नेसरीवरनं चंदगड. सकाळची पहिली एसटी धरा, नाहीतर पुढची गाडी चुकते. आमचे पत्रे टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "पावणं, घरच घिऊन निघालासा काय?" मागून एकजण म्हणाला, "बायकू हाय की संगं, घर लागंलच." हाजरानं पदर ओढून हसू लपवलं. आमच्या तिकिटापेक्षा पत्र्याचं भाडं जास्त झालं, आणि निपाणीपर्यंत वर असा खडखडाट चालला होता की ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं. निपाणीला चहा घ्या. गडहिंग्लजला मिसळ खा, पण पाण्याची सोय बघून. नेसरी सोडली की हवा बदलते, लाल माती सुरू होते, काजूची झाडं लागतात. पिकल्या बोंडांचा वास गाडीत शिरतो, आंबूस-गोड.

चंदगडपासून पुढं मारुतीची बैलगाडी. ऊन उतरता उतरता आम्ही साकवापाशी आलो. बाहेर अंग भाजत होतं आणि आत पाऊल टाकलं तर गारवा. जुन्या गवताचा वास, पायाखाली गुळगुळीत झालेल्या फळ्या, खाली ओढ्याला गुडघाभर पाणी. फळीवर पाच-सहा माणसं बसली होती. हाजरा सरळ चालत मधल्या एका खणात गेली आणि तिथल्या फळीवर बसली. तिथं तिचे वडील बसायचे. मी कधी तिला इतकं नीट बसलेलं बघितलं नव्हतं.

वाडीचे जाणते बाळाण्णा उठले. "या जावयबापू. ह्ये गाडीत काय म्हणायचं?"

"पत्रा," मी म्हणालो, आणि गोणपाट सोडून दाखवलाही. "आमच्या खणाला. आता वीस वर्षं बघायला नको."

मला वाटलं, लोक पुढं येऊन हात लावून बघतील. कुणी जागचं हललं नाही. बाळाण्णांनी बिडी विझवली.

"म्हंजे वीस वर्सं येणार न्हाईसा म्हणा की."

"तसं नव्हं..."

"तुमी पत्रा घाला, कोण अडवत न्हाय. पावणं मानसं तुमी. पर मंग ह्यो खण हाजराचा ऱ्हाणार न्हाय. सालाला ज्येचा हात लागतो, त्येचा खण."

मी हाजराकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती बाळाण्णांना म्हणाली, "अण्णा, मी गवत घालती. उद्याच हाय न्हवं शाकारणी?"

"व्हय. पर गवत कुठं हाय तुझं?"

इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. शाकारायचं गवत दिवाळीच्या पुढं डोंगरातनं कापून आणायचं, वाळवून रचून ठेवायचं. मे महिन्यात डोंगरावर काय असतंय, नुसती भुई. प्रत्येक घरानं आपल्या खणापुरतंच ठेवलेलं. मारुती म्हणाला, मी देतो की माझ्यातलं. बाळाण्णा म्हणाले, "तू दिलंस तर खण तुझा झाला. तसंच हाय ते."

 मी पत्रे पुन्हा गोणपाटात गुंडाळायला लागलो, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, गंगव्वा. हाजराच्या आईची मैत्रीण. तिला कमी ऐकू येतं असं सगळे समजत, त्यामुळं ती सगळं ऐकत असे. ती म्हणाली, "आरं बाळ्या, लेक म्हायेराला आल्याव तिची ओटी भरायची का न्हाय?"

"भरायची की, अव्वा."

"एकाच घरानं भरायची का समद्यांनी?"

सगळ्यांनी दिलं तर खण कुणा एकाचा होत नाही, हे ओळखून बाळाण्णांनी मान हलवली. गंगव्वा उठली, घरी गेली आणि गवताची एक मूठ घेऊन आली. नारळ आणि चोळीचा खण देतात तशी तिनं ती हाजराच्या पदरात घातली. ओटी हिंदू लेकीची, हाजरा नमाज पढणारी, पण त्या वाडीत तो प्रश्न कुणाला पडला नाही. दिवे लागेपर्यंत बायका येत राहिल्या. कुणी मूठ, कुणी पेंढी. आपापल्या खणासाठी ठेवलेलं काढून देत होत्या, म्हणजे त्यांचं छप्पर तेवढं विरळ होणार होतं. हाजरा प्रत्येकीच्या पाया पडत होती. रडली नाही. मीच नाक पुसत ओढ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून आढ्यावर चढली. एक गडी खालनं म्हणाला, "बाईमानसानं छपरावर?" गंगव्वा म्हणाली, "मग तू चढ. वासा मोडला की तुझ्याकडनंच भरून घिऊ."  मी खालून गवत देत होतो आणि सुंभाच्या गाठी मारत होतो. पत्र्याच्या कामात इतकी वर्षं गेली, पण माझ्या गाठी सुटत होत्या आणि लोक मनापासून हसत होते. पत्रे गंगव्वाच्या शेळ्यांच्या गोठ्यावर गेले. दुपारी सगळ्यांचं जेवण साकवातच: नाचणीची भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी, फणसाचे गरे.

तुम्ही जाणार असाल तर हॉटेल-बिटेल शोधू नका. कुणाच्याही पडवीत झोपायला मिळतं. भेटवस्तू नेऊ नका, फार तर चहापूड न्या. आणि शाकारणीच्या दिवसात गेलात तर नुसतं बघत बसू नका, दोर धरा. बाकी साकव पाच मिनिटांत बघून होतो. तो बसल्यावर कळतो.

परतीच्या एसटीत हाजरा खिडकीशी होती. गडहिंग्लजला गाडी थांबली. मग म्हणाली, "दिवाळीनंतर आठ दिवस दुकान बंद ठेवा. गवत कापायला यायचंय." मी मान डोलावली. कोल्हापूरला पोचलो, दुकान उघडलं, पुन्हा ट्रंका, बादल्या. पण काहीतरी फरक पडला होता. टिकाऊ म्हणजे चांगलं, असं मी गिऱ्हाइकाला सांगत आलो होतो. आता ते वाक्य तोंडात आलं की जरा अडायचं.

तरी हाजराच्या मनात रुखरुख होती. गवत कमी पडलं होतं. लोकांनी मन राखायला हो म्हटलं असेल, नाव मात्र वडलांचंच चालेल, आणि हळूहळू तेही जाईल, असं तिला वाटत होतं.

श्रावणात मारुती पुन्हा औषधाला आला. हाजरानं चहा ठेवला आणि पाठमोरीच विचारलं, "खणाला नावं ठेवतात काय रं कोण?"

"ठेवत्यात की," मारुती म्हणाला. "सगळ्यात जास्ती त्योच गळतोय. येणारं-जाणारं म्हणतंय, हाजराच्या खणाखाली बसू नगा, मान भिजती."

हाजरा वळली. "कुणाच्या खणाखाली म्हणतात?"

"हाजराच्या."

तिनं त्याला अजून एकदा सांगायला लावलं.

तुमच्याकडंही कुठं असा साकव, पार किंवा विहीर असेल जिथं तुमचा हात लागतो, तर मला लिहा. सुमनवहिनी, दत्तूभाऊ, गुरुजी, नंदाताई, तब्येतीचंही कळवा. उशीर करू नका. हाजरा रोज विचारते, कुणाचं आलं का म्हणून.