कोडगा धातू आणि घरची घासणी

मामांना अख्खा कारखाना मामा म्हणायचा. अपवाद प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सख्ख्या भाच्याचा. तो चारचौघांत त्यांना 'सर' म्हणायचा आणि मामांना ते शिवीसारखं लागायचं.

कारखान्यात खारं पाणी उकळून मीठ काढत. त्या उकळत्या, आंबूस पाण्यात पोलादी पाइपची वर्षभरात चाळणी व्हायची. म्हणून पाणी तापवायच्या पत्र्यांची चळत टायटॅनियमची होती आणि ती उघडून साफ करायचा मान वीस वर्षं एकट्या मामांचा. "हा धातू कोडगा आहे," ते नव्या माणसाला सांगत. "ओरखडा काढा, हवा-पाणी लागलं की तिथल्या तिथं नवी साल धरतो. इतकी पातळ, की दिसायची नाही. मिठानं कितीही तोंड टाकलं तरी ह्याला ढिम्म फरक पडत नाही. फक्त त्या सालीत लोखंड रगडू नका. ते गंजतं आणि ह्यालाही कुरतडायला शिकवतं."

म्हणून पत्रे साफ करायच्या त्यांच्या खोलीच्या दारात झडती व्हायची. किल्ल्या काढा, पट्टा काढा. एकदा मोठे साहेब वैतागून म्हणाले, "दातही काढून ठेवू का?"

"लोखंडाचे असले तर ठेवा," मामा म्हणाले.

असा हा माणूस एका बुधवारी घसरला. पत्र्यांच्या कडेला, रबरी पट्टीखाली, मिठाचा कडक थर बसला होता. नायलॉनचा ब्रश त्याला नुसत्या गुदगुल्या करत होता. मामांनी घरून भांड्यांची नवी तारेची घासणी पिशवीत टाकून आणली. पाकिटावर छापलं होतं, 'आयुष्यभर गंजणार नाही.' जे गंजत नाही ते लोखंड कसलं, असा हिशेब करून त्यांनी बारा पत्र्यांच्या कडा लख्ख करून टाकल्या.

शुक्रवारी त्या कडांवर तांबूस ठिपके उमटले.

साहेबांनी पत्रे विकणाऱ्याला फोन लावला. "टायटॅनियम म्हणून काय रॉकेलचे डबे विकता काय? उद्या ट्रक भरून परत पाठवतो सगळं!" चळत गेली की कारखाना तीन आठवडे बंद. भाच्यानं औषधात भिजवलेला पिवळा कागद ठिपक्यावर दाबला. कागद निळा झाला.

"लोखंड आहे," तो म्हणाला. "वरून लागलंय की धातूतच आहे, ते एवढ्यावरून कळायचं नाही. सर, घासलंत कशानं?"

"ब्रशनं. अजून कशानं?" मामा म्हणाले. घासणीचं कबूल केलं की टायटॅनियमचं काम हातचं गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय घासणी बिचारी न गंजणारी. मग तिचं नाव कशाला काढा!

संध्याकाळी मामी मोरीपाशी उभ्या होत्या. "अहो, घासण्यांची जोडी आणली होती. एक कुठं गेली?"

"असेल तिथंच."

"नाहीये. दुकानदाराच्या तोंडावर मारायच्यात दोन्ही. ही बघा उरलेली. तीन दिवसांत काय अवतार झालाय!"

साबणाच्या वाटीत लालभडक गोळा पडला होता. मामांनी तो उचलून दिव्याखाली धरला.

"काय झालं? चेहरा असा का?"

"दुसरीनं मी पत्रे घासले."

मामी म्हणाल्या, "वीस वर्षं लोकांचे पट्टे सोडवलेत ना दारात उभं राहून? आता स्वतःची अब्रू झाकायला त्या पत्रेवाल्याला चोर ठरवणार?"

"काम काढून घेतील गं."

"घेऊ देत. सकाळी तुम्ही सांगा, नाहीतर मी भाच्याला फोन करते. आणि मी सगळं सांगेन. पाकीट वाचून फसलात तेसुद्धा."

ही धमकी बसली. शनिवारी ट्रक दाराशी लागला होता. मामांनी सगळ्यांदेखत खिशातून तो लाल गोळा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "पत्रे चांगले आहेत. लोखंड आमच्या घरचं आहे."

"मामा!" भाचा ओरडला. भर ऑफिसात.

साहेब जे बोलले त्यातलं निम्मं इथं लिहिता यायचं नाही. भाच्यानं मात्र ट्रक रिकामाच परत पाठवला. "नायट्रिक ॲसिडनं धुऊ. लोखंड विरघळून जाईल, टायटॅनियमला काही होणार नाही. उलट साल आणखी घट्ट होईल." दुपारपर्यंत धुणं झालं. मामा स्वतः एकेका पत्र्याच्या कडेला कागद दाबून तपासत बसले. बाराही कागद पिवळेच राहिले.

सोमवारी पाणी उकळलं, पण मामांशिवाय. साहेबांनी त्यांना सहा महिने पोलादी पंपांकडे धाडलं होतं.

तिथला फोरमन चहा पीत होता. मामांनी गंजलेलं एक झाकण उचललं आणि अदबीनं विचारलं, "हे कशानं घासायचं?"

"कशानंही घासा हो," फोरमन न बघताच म्हणाला. "कोण विचारतंय!"

साहेबांच्या शिव्या मामांनी मुकाट ऐकल्या होत्या. हे मात्र त्यांना फार लागलं.