आधी कबूल करा

बेबीकाकी बसली तरी तिचे पाय बसत नसत. समोर शिवणाचं मशीन नसलं तरी उजवा पाय खाली-वर चालूच. कुणाकडे गेली तर उंबऱ्यात उभ्यानेच चहा पिऊन निघणार. धसईच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान होतं. आसपासच्या मुलींचे शाळा-कॉलेजचे ड्रेस तीच शिवायची. बाजूच्या शिलाईत दोन बोटं कापड दाबून ठेवायची आणि दटावायची, "वर्षाने उसवायला ये गो. नाय आलीस तर समजेन, घरात उपाशी ठेवतात."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझ्या लग्नपत्रिकेत नावापुढे बी.ए. छापलं होतं, मीच हट्टाने छापून घेतलं. पण ती दोन अक्षरं बेबीकाकीने वाचवली.

अकरावीत होते. जूनमध्ये शिवलेला ड्रेस गणपतीपर्यंत अंगावर लोंबायला लागला. आई मला दुकानात घेऊन गेली.

"बेबी, कमरेत दोन इंच आत घे."

काकीने टेप लावली. पुन्हा लावली. "ड्रेसला काय नाय झालं, वैनी. पोरगी कमी झालीय."

आई कौतुकाने म्हणाली, "उपास करते ना! सोमवार, गुरुवार, चतुर्थी. एवढी देवाची वेडी आमच्यात कोण नाय."

"आन बुधवारी?"

"बुधवारी काय?"

"बुधवारी जेवते का?"

आईला ते दिसणार कुठून? सकाळच्या पहिल्या एसटीने मी जायचे ती संध्याकाळी यायचे. काकीचा पाय थांबला होता. वाटलं, आता मला विचारणार. तिने विचारलंच नाही. ड्रेस तसाच परत दिला. "भाऊ घरी आले की येते," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बाबा आल्यावर ती आली आणि चक्क आत येऊन बसली. "पोरगी कॉलेजात उपाशी राहते वाटतं," म्हणाली. बाबांचा आवाज लगेच चढला. "काय भानगड हाय कॉलेजात?"

"ह्याच्यापायीच पोरगी बोलत नाय," काकी म्हणाली. "आधी कबूल करा, भाऊ. काय पण ऐकलं तरी कॉलेज बंद करणार नाय."

"न ऐकता कबूल करू? तू काय वकील हाय?"

"वकील नाय, आई हाय. माझी सुनंदा बोलली होती मला, कोण पोरगा मागं येतो म्हणून. मी काय केलं? शाळा बंद. वर्षात लग्न. त्याच्यानंतर तिने मला काय सांगितलंच नाय."

बाबा उठले, परत बसले. मग चिडूनच म्हणाले, "बरं. कबूल."

तेव्हा मी बोलले. कॉलेजात मुलींच्या बाथरूमला कडी नव्हती. मुलं बाहेरून दार ढकलायची, हसायची. म्हणून मी दिवसभर पाणी पीत नव्हते, जेवतही नव्हते. उपास होता तो आईने डब्याचं विचारू नये म्हणून. बाकीच्या दिवशी डबा वाटून टाकायचे. लघवीला आग व्हायची, तीही लपवली. दवाखान्यात कारण निघालं असतं, आणि कारण निघालं की कॉलेज गेलं असतं.

आई रडायला लागली. "रडतेस काय? सकाळी डॉक्टरकडे ने," काकी म्हणाली आणि उठली.

सकाळी आईने मला दवाखान्यात नेलं. बाबा खिशात कडी, चार स्क्रू आणि पेचकस घेऊन कॉलेजात गेले. शिपायाला विचारून कडी स्वतः बसवली, मग त्या मुलांचं सांगायला प्राचार्यांसमोर उभे राहिले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात पाऊल टाकलं ते असं.

तो ड्रेस आत घ्यावा लागला नाही. बारावीत उलट उसवावा लागला.

काकीला जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत ती सुनंदाच्या फोनची वाट बघायची. "बरी हाय, एवढंच बोलते," म्हणायची, आणि पाय जोरात चालायचा.

माझी मुलगी आता नववीत आहे. आठ दिवस झाले, ताटात अन्न टाकते, मोबाइल पालथा ठेवते. मी घरभर नुसती येरझाऱ्या घालते. दोनदा तो मोबाइल उचलायला हात पुढे गेला. काल संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मोबाइल काढून घेणार नाही. कुठे जाणं-येणं बंद करणार नाही. कबूल. आता सांग."

तिने पालथा मोबाइल आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाली, "पप्पांना पण कबूल करायला लाव."

माझा पाय केव्हाचा खाली-वर चालला होता. तो हाताने दाबून धरला आणि नवऱ्याला हाक मारली.